वन्संचं आणि माझं दुखणं

पुण्यात माझ्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं आणि मी लासुर्ण्याला घरी आले, त्या आठवड्यापासून आमच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा कारखान्यात फिटर होता, त्यामुळे ओळखी भरपूर. बाया यायच्या, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडे न बघता पदराकडे बघायच्या. पदराखाली काय राहिलंय आणि काय गेलंय, याचा अंदाज घेत असायच्या. "कसं वाटतंय?" असं विचारायच्या आणि मी "बरं" म्हणायच्या आत कुणाच्या तरी चुलतीची नाहीतर मावससासूची गोष्ट सुरू करायच्या. त्या सगळ्या गोष्टींमधली बाई शेवटी मेलेली असायची.

"लई हाल झालं हो तिचं. पन तुमचं तसं न्हाय व्हायचं."

असं म्हणून झाल्यावर चहा घेऊन त्या जायच्या. मी भिंतीकडे तोंड करून पडायची आणि त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायची. तो राग माझ्यात अजून तसाच आहे. वय झालं म्हणून तो काही कमी झाला नाही.

कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'ते', 'तसलं', 'गाठीचं' एवढंच म्हणायचे. नवरा कारखान्यात सांगायचा, साधी गाठ होती, काढली. एकदा मी त्याला म्हटलं, "साधी होती तर एवढं सगळं कशाला कापलं?" तो उठून बाहेर गेला आणि जेवायच्या वेळेलाच परत आला. वाईट माणूस नव्हता तो. पण ऑपरेशनची जागा त्याने कधी बघितली नाही. मी लुगडं बदलायला लागले की त्याला बाहेर काहीतरी काम निघायचं.

डॉक्टरांनी टाके कधी काढायचे, सलाईनमधून औषध घ्यायला पुण्याला कधी यायचं, हात कसा हळूहळू वर न्यायचा, हे सगळं नीट सांगितलं होतं. पण तिसरीतल्या मुलीला काय सांगायचं, आरशासमोर उभं कसं राहायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, हे सांगणं कुणाचंच काम नव्हतं. आता दवाखान्यांत त्यासाठी वेगळी माणसं असतात. आमच्याकडे त्या कामाला वन्सं आली.

वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. सांगवीला दिलेली. सासू नव्हती, तेव्हा भावाचा संसार सांभाळायला म्हणून ती पंधराएक दिवस येऊन राहिली. अंगाने उंच आणि आवाजाने त्याहून मोठी. तिच्या लहानपणी माहेरच्यांकडे मेंढरं होती. माळावर मेंढरांना हाळ्या घालून तो आवाज तसा झाला होता म्हणे. शेती झाली, मेंढरं गेली, आवाज मात्र राहिला. तिने स्वयंपाक केला, धुणं केलं, मुलीची वेणी घातली, यातलं काही मी नाकारत नाही. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझं ताट, तांब्या आणि पेला वेगळ्या फळीवर गेला. मी विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय? आपून आपलं जपावं."

मुलगी माझ्याजवळ झोपायची, तिचं अंथरूण वन्संने स्वतःकडे ओढलं. "आईला धक्का लागंल," असं मुलीला सांगितलं. पण मुलगी दिवसाही माझ्यापासून हातभर लांब बसायला लागली. एकदा मी केस विंचरायला बोलावलं तर तिने मला विचारलं, "आई, मला पण होईल का?" हे तिला कुणी सांगितलं असेल ते विचारायची गरजच नव्हती.

आणि भेटायला येणाऱ्या बायांना वन्सं माझ्यादेखतच सगळं सांगायची, कुठून कापलंय, किती टाके आहेत, किती रक्त गेलं. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायची. एकदा एका बाईला ती म्हणाली, "काय करनार, अपुरी झाली बाई." ते मी ऐकलं.

पुण्याच्या फेऱ्या संपल्या, केस थोडे उगवले, मी शाळेत जायला लागले. छातीच्या जागी घालायला मी स्वतःच एक गोल पिशवी शिवली. आधी तीत कापूस भरला, पण कापूस हलका, फळ्यावर लिहायला हात वर केला की पिशवीही वर सरकायची आणि पोरं बघायची. मग आत मोहरी भरली. वजन आलं आणि ती जागेवर राहायला लागली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच सुमाराला वन्संच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. बारामतीत मंगल कार्यालय घेतलं होतं. मी मुलीची मामी. हळद दळायला जात्याला पाच सवाष्णींनी हात लावायचा, त्यात मामी असायचीच. मी बसले. खुंट्याला हात लावला. बायांनी ओवी धरली. तेवढ्यात वन्सं मागून आली आणि तिने माझा हात मनगटाला धरून खुंट्यावरून काढला.

"तू ऊठ."

"का?"

"आगं, तुला दगदग नगं."

"हात लावायला कसली दगदग, वन्सं?"

तेव्हा ती वाकली आणि हळू बोलायला गेली, पण तिचं हळू बोलणंही चार बायांना ऐकू जायचं. "तुझ्या अंगाला जे लागलंय, ते माझ्या पोरीच्या हळदीला नगं. गपचिप ऊठ. तमाशा करू नगंस."

मी उठले. माझ्या जागी शेजारची कुणीतरी बसली. ओवी थांबली होती ती पुन्हा सुरू झाली, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की ती इतक्या लगेच सुरू झाली. मी माझ्या मुलीला हाताला धरलं, पिशवी घेतली आणि एसटी स्टँडवर आले. नवऱ्याला सांगितलंही नाही. तो मामा, त्याला नवरी बोहल्यावर आणायची होती, तो राहिला. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर म्हणाला, "अक्कानं मुद्दाम नाही केलं गं."

"मग काय चुकून केलं?"

पुढची दीडेक वर्षं मी सांगवीची वाट धरली नाही. भाऊबीजेला वन्सं आमच्याकडे यायची, तेव्हा मी माहेरी जायची.

मग एके दिवशी दुपारी दाजी आले. दाजी म्हणजे वन्संचा नवरा. कमी बोलणारा, बायकोच्या आवाजाखाली आयुष्य काढलेला माणूस. मोटारसायकल दारात लावून ते कट्ट्यावरच बसले, आत आले नाहीत.

"वैनी, तिला गाठ हाय. काखंत बी लागती हाताला."

"कधीपासून?"

"तिलाच ठावं. माझ्यापासनं बी लपिवली. बारामतीच्या डॉक्टरनी पुन्याला न्या म्हनून सांगितलंय. ती म्हनती, मी मेले तरी कापून घ्यायची न्हाय. कुना वैदूचा पाला बांधून बसलीया."

"तिने मला बोलावलंय का?"

"न्हाय." ते जमिनीकडे बघत होते. "तिनं तर बजावलंय, तुमाला कळू द्यायचं न्हाय म्हनून."

"मग मी कशाला येऊ?"

"दुसऱ्या कुनाला इचारू? ह्यातनं गेलेलं दुसरं मानूस मला ठावं न्हाय."

मी त्यांना चहा दिला नाही. "बघते" एवढंच म्हटलं. नवरा संध्याकाळी आला तेव्हा त्याला हे आधीच ठाऊक असल्याचं कळलं. तो माझ्याकडे बघत राहिला, पण 'जा' म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

रविवारी मी गेले. दया आली म्हणून गेले, असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण तसं नव्हतं. मला तिला घाबरलेली बघायचं होतं.

वन्सं सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला बघून तिचे हात थांबले.

"कुनी सांगितलं?"

"दाजींनी."

"त्या मान्साच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. बघायला आलीस व्हय?"

"व्हय. बघायलाच आले. तुमी आला होता तशी."

तिने हातातली टरफलं फेकली. "बघ मंग. आजून तरी साबूत हाय."

मी समोर बसले. शिव्यांची तयारी करून आले होते. येताना एसटीत सगळी वाक्यं जुळवली होती. पण ती घाबरलेली दिसली खरी. तोंड सुकलं होतं आणि फोडलेले दाणे ती टरफलांच्या ढिगात टाकत होती. ते बघून मला वाटलं होतं तसं काही समाधान मिळालं नाही. मग तिने खाली बघतच विचारलं,

"किती कापत्यात?"

मी उठले. "आत चला."

आतल्या खोलीत नेऊन मी दाराला कडी लावली. पदर काढला, झंपरची बटणं सोडली, आतली पिशवी काढून तिच्या मांडीवर टाकली. तिने ती दाबून बघितली.

"ह्यात काय भरलंय?"

"मोहरी. कापूस वर सरकतो."

"मोहरी," ती म्हणाली. मग तिने मान वर केली आणि जागा बघितली. सावकाश बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काखेपर्यंत. इतक्या दिवसांत डॉक्टर सोडून ती जागा नीट बघणारं ते पहिलंच माणूस.

"मला वाटलं खड्डा आसंल."

"खड्डा नाही."

"माझ्या भावानं बघितलंय का?"

मी तिच्या मांडीवरची पिशवी उचलून घेतली. तिला कळलं. "त्यो लहानपनी बकरू कापताना बी पळून जायाचा," ती म्हणाली.

मला एकाएकी हळद आठवली. "वन्सं, हे अंगाला लागतं म्हणाला होता ना तुमी? मग लावा हात. लागतं का बघा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तशीच उभी होते. शेवटी तिने एक बोट पुढे केलं आणि व्रणावर ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

"गार हाय," ती म्हणाली.

मग तिने विचारायला सुरुवात केली. हात वर जातो का? कुशीवर झोपता येतं का? आंघोळीला पाणी लागतं का? भाकरी थापताना दुखतं का? केस सगळे जातात का, भुवयांचेही? मी रागातच उत्तरं दिली, पण सगळी दिली. हे प्रश्न मला दोन-अडीच वर्षांत कुणी विचारले नव्हते. मुलीने नाही, नवऱ्याने नाही, बिस्किटांचे पुडे घेऊन येणाऱ्या त्या बायांनीही नाही. माझा हात धरून उठवणारी बाईच पहिली निघाली, आणि तीही स्वतःवर वेळ आली म्हणून. मला त्याचा आणखीनच संताप आला.

"तू येनार का पुन्याला?" शेवटी तिने विचारलं. "ह्यांना काय बी कळत न्हाय."

"येते. पण तुमच्यासाठी येत नाही."

"मंग कुनासाठी?"

मी पिशवी आत बसवली आणि झंपरची बटणं लावायला लागले.

"ये न्हायतर नगं येऊ, मला काय," असं म्हणून ती कडी काढून पुन्हा शेंगा फोडायला बसली. पण तिने त्याच दिवशी पाला सोडून टाकला.

तिचं ऑपरेशन झालं. मग सलाईनच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी लासुर्ण्याहून बारामतीच्या स्टँडवर यायची, ती सांगवीहून यायची, आणि तिथून आम्ही पुण्याची एसटी धरायचो. मुख्याध्यापक रजेसाठी कुरकुर करायचे, तेव्हा मी त्यांनाही बोलायला कमी केलं नाही. गाडीत आम्ही भांडायचो. माझ्या डब्यातली भाजी अळणी, मी मुलीला फार लाडावलंय, माझं लुगडं नेसणं शिक्षिकेला शोभत नाही, असं काही ना काही तिचं चालू असायचं. मीही सोडत नसे. परत येताना तिला उलट्या व्हायच्या. मी तिच्या तोंडाखाली पिशवी धरायची, आणि दोन उलट्यांच्या मध्ये ती म्हणायची, "नीट धर की, शाळामास्तरीन." आसपासची माणसं उठून पुढे जाऊन बसायची.

दवाखान्यात एक तरुण मुलगी होती, पेशंटशी बोलायला नव्यानेच नेमलेली. सलाईनची वाट बघत बाकावर बसलेल्या बायांना ती एकदा सांगायला लागली, "मनात नेहमी चांगले विचार आणा. प्रसन्न राहा. त्याने निम्मा आजार पळतो."

वन्सं म्हणाली, "बाई, तू माझ्यासंगं एस्टीनं बारामतीला चल. वाटंत उलट्या कर. आन मंग प्रसन्न ऱ्हा."

बाकावरच्या बाया हसल्या. मुलगी लालबुंद झाली. मला वाटलं, आता ती जाईल. पण ती आमच्याजवळच खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "बरं, मग तुम्हीच सांगा मावशी, काय विचारू मी?"

वन्संच्या आधीच मी म्हटलं, "घरी ताट वेगळं ठेवलंय का, ते विचारा."

त्या मुलीने ते एकेकीला विचारलं. मग एक चष्म्यातली म्हातारी म्हणाली, माझं नुसतं ताटच नाही, अंथरूणही गोठ्यात आहे. मग दुसरी बोलली. तिला नवऱ्याने माहेरी आणून सोडलं होतं. एकीच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. एक जण नुसतीच रडली. तोवर त्या बाकावर आम्ही कितीदा तरी शेजारी शेजारी बसलो होतो, पण हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वन्सं मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती.

परतीच्या गाडीत मी विचारलंच. "हळदीला मला का उठवलं होतं?"

मला वाटलं ती रडेल, निदान गप्प बसेल. पण ती सरळ माझ्याकडे वळली. "पोरीच्या सासरची मान्सं बघत हुती. उद्या पोरीला काय बी झालं असतं तर म्हनली असती, हळदीलाच अपशकून झाला. माझ्या पोरीवर बोट नगं हुतं मला."

"आणि माझं काय?"

"तुझा इचार केला न्हाय मी. खरं सांगते. पुन्ना तशी येळ आली तर पुन्ना उठवीन."

"आणि तुम्हाला कुणी उठवलं तर?"

"मला कोन उठवतंय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बाहेर बघायला लागली. तिने माफी मागितली नाही. मीही ते प्रकरण मिटल्याचं कधी म्हटलं नाही. पण त्यानंतर ते आमच्या दोघींच्या मध्ये उघडं पडून राहिलं, आणि झाकून ठेवण्यापेक्षा ते मला बरं वाटलं.

सलाईन संपलं. वर्षभर ती बरी होती. पुन्हा शेतात जायला लागली, खुरपायला बसायला लागली. मग पाठ दुखायला लागली. आधी कामाने दुखते म्हणाले, मग पुण्यात तपासलं तर हाडात उतरलं होतं. डॉक्टरांनी दाजींना आणि माझ्या नवऱ्याला आत बोलावून सांगितलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की तिला काही कळू द्यायचं नाही. मला नवऱ्याने बजावलं, "तुझं तोंड जरा आवर. संधिवात आहे, असं सांगितलंय तिला."

मी सांगवीला गेले तेव्हा ती खाटेवर होती. अंगाने निम्मी झालेली. खोली माणसांनी भरली होती, आणि सगळी मोठमोठ्याने बोलत होती, अक्का आता चार दिवसांत उठतील, पुढच्या महिन्यात तर शेतात दिसतील. वन्सं छताकडे बघत होती. मला बघून ती म्हणाली, "समद्यास्नी भाईर जायाला सांगा. हिच्याशी बोलायचंय."

माणसं गेली. तिने मला खाटेवर बसवलं.

"मी जगत न्हाय, व्हय का?"

मी तिच्याकडे बघितलं.

"खोटं बोलू नगं. बाकीचे समदे बोलत्यात. त्यास्नी माझं वाईट वाटतंय. तुला तसं वाटत न्हाय, म्हनून तुला इचारतेय."

वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ते तिला सांगायची ती वेळ नव्हती.

"व्हय," मी म्हटलं. "हाडात गेलंय. आता औषध दुखणं थांबवायला आहे, बरं करायला नाही."

तिने डोळे मिटले. मी उठायला लागले तर तिने लुगड्याचा काठ धरला. "बस जरा." मी बसले. मग ती म्हणाली, "पोरीला आन."

तिची मुलगी बारामतीत दिलेली आणि पोटुशी. आईचं दुखणं पोटातल्या जिवाला बाधेल म्हणून सासरचे तिला पाठवत नव्हते. दाजी दोनदा जाऊन हात हलवत परत आले होते. दुसऱ्या दिवशी मी गेले. विहीणबाई दारातच उभ्या राहिल्या. "आमच्या घरची पहिली येळ हाय. तसल्या दुखण्याच्या घरी आमी पाठवनार न्हाय."

मी म्हटलं, "हे बघा, तसलं दुखणं मला झालंय आणि मी तुमच्या उंबऱ्यात उभी आहे. आता तुमच्या घरात ते आलंच म्हणायचं. मग पोरगी हितं राहिली काय आणि तितं राहिली काय." आवाज मी चांगला मोठा काढला होता. शेजारच्या बाया बाहेर आल्या. विहीणबाईंना लोक जमलेले नको होते. पोरगी मागून सगळं ऐकत होती, ती पिशवी भरूनच बाहेर आली.

सांगवीला पोचल्यावर तिने आईच्या अंगावर पडून रडून घेतलं. वन्संने तिच्या डोक्यावरून, पाठीवरून, मग पोटावरून हात फिरवला. आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"पोटुशी पोर एस्टीनं आनलीस व्हय? रस्ता कसा हाय त्यो बघितला न्हाईस? गाडी मिळत नव्हती?"

"तुमी सांगितलं, आन. कशाने आणू ते सांगितलं नव्हतं."

"अक्कल न्हाय तुला," ती म्हणाली. तिचं मला उद्देशून शेवटचं बोलणं तेच. मुलगी तिच्याजवळ राहिली, आणि त्याच आठवड्यात वन्सं गेली.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली होती. बायांच्या घोळक्यात एक चुलतजाऊ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "उगं तोंड सोडलं हिनं. सांगितलं नसतं तर आजून जगली असती. धसका घेतला बिचारीनं." दोघीतिघींनी माना हलवल्या. माझा नवरा पलीकडेच उभा होता. त्याने ऐकलं आणि मान फिरवली. गेल्या दहा दिवसांत तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. त्यालाही तसंच वाटत होतं, हे मला माहीत होतं.

मी उत्तर देणार होते. पण त्याआधी दाजी पुढे आले. ओल्या अंगाने, पंचा नेसलेले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी तो चढवला नाही.

"तिनं इचारलं हुतं," ते म्हणाले. "आमी समद्यांनी तिला इचारायची सोय ठिवली न्हवती. हिनं ठिवली. पुन्ना ह्यावर कुनी बोलायचं न्हाय."

आणि परत जाऊन बसले. चुलतजाऊ तोंड वाकडं करून गप्प झाली. तिने माझ्याशी नंतर कधी नीट बोलणं केलं नाही. मीही केलं नाही.

आम्ही घरी आलो. आमची मुलगी झोपाळ्यावर अभ्यास करत होती. नवऱ्याने कपडे बदलले, ओट्यावर बसला, आणि दहा दिवसांनंतर पहिल्यांदा कामाशिवायचं काही बोलला.

"अक्का शेवटी तुला काय म्हणाली?"

"अक्कल नाही म्हणाली. पोरीला एसटीनं आणली म्हणून."

तो हसला. हसता हसताच त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो रडायला लागला, लहान पोरासारखा, आवाज करून. मुलगी वही ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, गप्प हो असंही म्हटलं नाही. पण उठून आतही गेले नाही. त्याचं रडणं थांबेपर्यंत तिथेच, त्याच्याशेजारी बसून राहिले.